बोलावणारी बाग

'नभांगण' हॉटेलच्या बागेच्या दाराशी पितळेची पाटी होती. तिच्यावर तीन नावं कोरलेली होती. पहिलं मालकांचं, दुसरं बाग आखणाऱ्या वास्तुरचनाकाराचं आणि तिसरं डॉ. सगुणा जानू ढेबे यांचं. जानू ढेबेंना वाचता येत नव्हतं. त्यांनी पाटीवरून हात फिरवला आणि लेकीला विचारलं, "ह्यात मी कुटं हाय?"

सगुणानं त्यांचं बोट धरून बरोबर जागेवर ठेवलं. "इथं, आबा."

"दोनच अक्षरं?"

"दोनच आहेत तुमच्या नावात."

म्हातारा खूश झाला. सत्तरी ओलांडलेला धनगर, अंगात नवं धोतर-सदरा, खांद्यावर घोंगडी. ती घरी ठेवा असं सगुणानं दहादा सांगितलं होतं, पण उपयोग झाला नव्हता. त्याची वस्ती याच पठाराच्या खालच्या दरीत होती. रस्त्यानं चौदा किलोमीटर आणि पाखराच्या वाटेनं जेमतेम दोन. आयुष्यभर त्यानं मधाच्या पेट्या सांभाळल्या होत्या. त्या मधावरच सगुणा पुण्याला शिकली आणि वनस्पतीशास्त्रात डॉक्टरेट घेऊन एका खाजगी संशोधन संस्थेत लागली. तिच्या कामातून ही बाग उभी राहिली होती. दीड वर्षांत बापाला ती दाखवायचं राहून गेलं होतं. श्रावण संपता संपता पाऊस उघडला, तेव्हा कुठे जमलं.

बाग होती मात्र बघण्यासारखी. निळ्या फुलांची कर्दळ. जेवणाच्या ताटाएवढी डेलिया. दिवसातून तीनदा रंग बदलणारी एक वेल, सकाळी पांढरी, दुपारी केशरी, संध्याकाळी मातकट जांभळी. दिवसाउजेडी फुललेलं निवडुंग. शंभर-शंभर पाकळ्यांचे गुलाब. पण पाहुणे मुंबईहून, हैदराबादहून गाड्या भरभरून येत ते या झाडांसाठी नव्हे. ते येत माश्यांसाठी. शहरांतून मधमाशी नाहीशी होऊन बरीच वर्षं लोटली होती. कित्येक मुलांनी ती फक्त पडद्यावर पाहिली होती. इथं मात्र झुडपाझुडपावर माश्या आणि फुलपाखरं गर्दी करून असत आणि सगळ्या बागेला एक अखंड गुणगुण असे. लोक डोळे मिटून ती ऐकत बसत.

हा चमत्कार सगुणाच्या जनुकांचा होता. वाट सापडलेल्या कामकरी माश्या आपल्या शेपटाजवळच्या ग्रंथीतून एक वास सोडतात. त्याचा अर्थ एवढाच, की 'इकडे या'. गुलाब आणि गवती चहा यांच्या मधला असा तो वास असतो. तो तयार करणारी जनुकं सगुणानं वेगळी काढली आणि फुलझाडांत बसवली. मूळ हेतू साधा होता. स्ट्रॉबेरीच्या शेतांवर माश्या येईनाशा झाल्या होत्या, त्यांना बोलावून आणायचं. पण शेतकऱ्यांच्या आधी हॉटेलवाले दाराशी आले. संस्थेनं हक्क विकले, सगुणाला बढती मिळाली आणि पाटीवर नाव लागलं.

आबा पायवाटेनं सावकाश चालत होते. निळ्या कर्दळीपाशी ते उकिडवे बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

"काय झालं, आबा?"

"माशी उपाशी हाय गं."

"उपाशी कशी असेल? एवढी फुलं आहेत."

"गाजती कशी बग. भरल्या पोटाची माशी अशी गाजत न्हाई. आन् पायाला काय हाय का?"

सगुणा वाकली. माश्यांच्या मागच्या पायांवर परागाच्या पिवळ्या गोळ्या असतात, त्या एकीच्याही पायावर नव्हत्या. नसणारच होत्या. शोभेची ही फुलं दुहेरी-तिहेरी पाकळ्यांची होती. पुंकेसरांच्याच पाकळ्या करून ती भरगच्च बनवली होती. त्यांत पराग नव्हता आणि मध तर नावालाही नव्हता. हे तिला ठाऊक होतं. म्हणून तर झुडपांच्या मागे काचेच्या वाडग्यांत साखरेचं पाणी ठेवलेलं असे. नाहीतर माश्या पायवाटांवर मरून पडत आणि पाहुणे तक्रार करत.

"साखरपाणी असतं की त्यांना," ती म्हणाली.

आबांनी कनवटीची पिशवी सोडली. बिरोबाचा भंडारा त्यांच्याजवळ कायम असे. त्यातली चिमूटभर हळद त्यांनी वाडग्यावर बसलेल्या माश्यांवर हळूच फुंकली. रानातलं मोहोळ शोधायची ही त्यांची जुनी रीत. माशीला खूण करायची आणि ती कुठे जाते ते बघायचं. पिवळ्या झालेल्या माश्या पाणी पिऊन उठल्या, एक घिरटी घातली आणि सरळ दक्षिणेला, दरीच्या दिशेनं गेल्या.

"चल," आबा उठत म्हणाले. "घरला जाऊ."

*

जीपनं चौदा किलोमीटर उतरायला पाऊण तास लागला. ते पोचले तेव्हा आबांच्या दारातल्या पेटीच्या तोंडाशी पाठीवर हळद असलेली माशी बसलेली होती. शेजारच्या पेटीतून तशाच दोन बाहेर पडत होत्या. आबांनी वरचं झाकण काढून एक चौकट उचलली. मध भरपूर होता, पाण्यासारखा निवळशंख. त्यांनी बोट बुडवून लेकीपुढे धरलं. तिनं चाखलं. गोड होतं. बाकी काहीच नव्हतं, ना वास ना चव.

"औंदा कारवीचं वरीस हाय," आबा म्हणाले. "ह्यो मध काळाभोर पायजे हुता."

मग त्यांनी तिला कोंडजाईच्या डोंगरावर नेलं.

डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत जांभळा झाला होता. कारवी सहा वर्षं नुसती वाढते. सातव्या वर्षी सगळी मिळून एकदाच फुलते, बी धरते आणि मरून जाते. पुढच्या पावसात त्या बियांतून नवा डोंगर उगवतो. त्या एका महिन्यात जे काही व्हायचं ते झालं पाहिजे, दुसरी संधी नसते. स्वतःच्या परागावर कारवीला बी जवळजवळ धरतच नाही. एका झाडाचा पराग दुसऱ्यावर न्यायला माशीच लागते. सात वर्षांपूर्वी सगुणा याच पायवाटेवर आली होती, तेव्हा बोललेलं ऐकू येत नव्हतं इतकी माशी होती.

ती एका झुडपासमोर बसली. अर्धा तास गेला. एक मुंगळा आला. एक भुंगा चुकल्यासारखा आला आणि निघून गेला. फुलं टवटवीत होती, मधानं भरली होती आणि वाट बघत होती.

सगुणाला एकदम सगळं कळलं. तिच्या अहवालात लिहिलेलं होतं की वासाचा प्रभाव दोनशे मीटरपर्यंत राहतो. ते खरंच होतं. पण माशी घरी जाऊन नाचते. पोळ्यावर अंगाची थरथर करत ती ज्या रेषेत चालते, त्या रेषेवरून बाकीच्यांना समजतं की सूर्याच्या कोणत्या अंगाला, किती लांब जायचं. वाऱ्यावर भरकटलेल्या एका माशीला बागेनं बोलावलं असेल, साखरपाणी पाजलं असेल. तिनं घरी येऊन शंभर जणींना सांगितलं. त्या शंभर जणी दुसऱ्या दिवशी नाचल्या. वास किती लांब जातो ते सगुणानं मोजलं होतं. बातमी किती लांब जाते ते मोजायचं तिच्या मनातही आलं नव्हतं, आणि ती तर मधपाळाची पोर होती.

"किती दिवस फुलेल अजून?" तिनं विचारलं.

"हस्त लागंपतूर. म्हंजी पंचवीस दिस धर."

*

गौतमी सबनीस या 'नभांगण'च्या व्यवस्थापक. पन्नाशीच्या, करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या बाई. सगुणानं टेबलावर त्या पाणीदार मधाची बाटली ठेवली आणि सगळं सांगितलं. पंचवीस दिवस बागेत एकही फूल नको, एवढीच तिची मागणी होती.

"जाळी टाकली तर?"

"वास जाळीतून जातो, मॅडम. फुलं खुडली तरी रोज नवी उमलतात. झाडं कापायलाच हवीत. जमिनीलगत. मुळं राहतील, उन्हाळ्यापर्यंत पुन्हा वाढतील."

गौतमीबाईंनी मध चमच्यानं चाखला. "हा आमच्या वाडग्यांतला?"

"हो."

"लोक इथं माश्या बघायला येतात. तुम्ही म्हणता तसा डोंगर गेला, तर माश्याही जातील. मग मी दाखवू काय?" त्या थोडं थांबल्या. "मला दोन दिवस द्या. मालकांशी बोलते."

सगुणा भांडणाच्या तयारीनं आली होती. भांडण झालंच नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला की मालक तयार आहेत. त्यांना त्यातही जाहिरात दिसली होती. डोंगरासाठी बाग अर्पण करणारं हॉटेल. पाहुण्यांना बोलावून, सगळ्यांसमोर, सकाळी कापणी करायची. पहिला घाव वस्तीतल्या कुणीतरी घालावा.

त्या दिवशी सगुणाच्या मनात एक शंका आली होती. फुलांचा वास तिनं तपासला होता. पानांचा आणि देठांचा कधीच तपासला नव्हता, कारण पानांना वास नव्हताच. तरी कापायच्या आधी चार पानं पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवावीत असं तिला वाटलं. अहवाल यायला आठ दिवस लागले असते. पंचवीसातले आठ. तिनं पान तोडून बोटांनी चुरगाळलं आणि हुंगलं. हिरवट वास आला, दुसरं काही नाही. तिनं ते फेकून दिलं.

"चालंल ना गं?" आबांनी विचारलं. ते विळ्याला धार लावत होते.

"चालेल, आबा."

*

कापणीला सकाळी नऊ वाजता सुरुवात झाली. पाहुणे काचेच्या व्हरांड्यात बसले होते. आबांनी कर्दळीच्या बुंध्याला हात लावून कपाळाला लावला आणि विळा घातला. टाळ्या पडल्या. मग अठरा माळी कामाला लागले. डेलिया पडली, गुलाब पडले, रंग बदलणारी वेल पांढरी होती ती पांढरीच खाली आली. मधल्या हिरवळीवर ढीग वाढत गेला. दहा वाजता माश्या गोंधळून घिरट्या घालू लागल्या. साडेदहाला त्या विरळ झाल्या. झुंडीझुंडीनं उठून दरीकडे जाताना त्या डोळ्यांना दिसत होत्या. आबांनी हात उंचावून लेकीला त्या दाखवल्या. सगुणाला रडू आलं. गौतमीबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

त्यानंतर तासाभरानं तिला गवती चहाचा वास आला.

आधी वाटलं, स्वयंपाकघरात आधण ठेवलंय. मग वास वाढला, पसरला, नाकात चुरचुरायला लागला. ती ढिगाकडे धावली. ढीग उन्हात तापला होता, खालची पानं दबून रस सुटत होता, आणि त्या रसातून वास उठत होता. सगळ्या बागेनं दीड वर्षात सोडला नसेल एवढा.

मळ्यातल्या चहाच्या ओल्या पानाला चहाचा वास नसतो. ते चुरगाळून, दाबून काही वेळ ठेवलं की मग येतो. पानात वासाचा रेणू साखरेच्या रेणूला बांधून ठेवलेला असतो, आणि बांधलेला असेतोवर तो उडत नाही. पान फाटलं की शेजारच्या कप्प्यातलं विकर त्यात मिसळतं, गाठ सुटते आणि वास मोकळा होतो. त्याला थोडा वेळ आणि थोडी ऊब लागते. सगुणाच्या झाडांनी फुलांत न मावलेला वास अशाच गाठी मारून पानापानात, देठादेठात साठवून ठेवला होता. तिनं ते पान हुंगलं तेव्हा दोन क्षण थांबली होती. तासभर थांबली असती तर तिला कळलं असतं.

"ताडपत्री आणा!" ती ओरडली. "झाका हे! लवकर!"

ताडपत्री येईपर्यंत दरीतून आवाज आला. दूरवर ट्रक चढत असावा असा तो वाटला. मग तो कड्यावरून वर आला आणि आभाळ मळकट झालं. आबांच्या पेट्यांतल्या सातेरी माश्या होत्या, झाडांच्या ढोल्यांतल्या रानमाश्या होत्या, झुडपांतल्या बारीक फुलोरी माश्या होत्या, आणि कड्याकपारींत लोंबणाऱ्या पोळ्यांवरच्या आग्या माश्या होत्या. लांबच्या कड्यांवरच्या, ज्या कधीच बागेकडे फिरकल्या नव्हत्या, त्याही आल्या. ढीग बघता बघता काळा झाला आणि हलू लागला.

माळ्यांनी ताडपत्री टाकली. तिच्याखाली माश्या चिरडल्या. चिरडलेली माशी पिकल्या केळ्यासारखा एक वास सोडते. तो वास बाकीच्यांना सांगतो की हल्ला झालाय, डसा. आग्या उठल्या. माळी ताडपत्री टाकून पळाले. व्हरांड्याची दारं धडाधड बंद झाली. पण एक म्हातारे पाहुणे फोटो काढायला बाहेर आले होते, ते हिरवळीच्या कडेला पडले. आबांनी घोंगडी सोडली, त्यांच्या अंगावर टाकली आणि स्वतः त्यावर ओणवे झाले.

हॉटेलात धुरळणीचं यंत्र होतं, डासांसाठी. त्यात कीटकनाशक भरलेलं असे. एक माणूस ते घेऊन अर्धवट उघड्या दारापाशी उभा होता; सगुणालाही कुणीतरी तिथं ओढून आणलं होतं. गौतमीबाई त्याच्या मागेच होत्या.

"डॉक्टर, फवारू का?"

सगुणानं ढिगाकडे पाहिलं.

"मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. तो माणूस मरतोय. तुमचे वडीलही आहेत तिथं. फवारू का?"

घोंगडीखालून पाहुण्यांची घरघर ऐकू येत होती. आबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्यांचा एक डोळा सुजून मिटला होता. त्यांनी मान हलवली नाही, काही खूणही केली नाही.

"फवारा," सगुणा म्हणाली.

*

माणसं वाचली. पाहुणे तीन दिवसांनी इस्पितळातून घरी गेले, आबा पाचव्या दिवशी. हिरवळीवरच्या माश्या मात्र माळ्यांनी खराट्यांनी लोटल्या आणि घमेल्यांनी उचलल्या. दुपारी सुरू केलेलं ते काम संध्याकाळपर्यंत चाललं होतं. ज्या माश्या विष घेऊन घरी परतल्या त्यांनी ते पोळ्यात नेलं. आठवड्याभरात दरीतलं एकेक मोहोळ गळून पडलं. आबांच्या सगळ्या पेट्या रिकाम्या झाल्या. शेवटच्या पेटीत एक राणी आणि तिच्याभोवती पाच-सात माश्या दोन दिवस होत्या. तिसऱ्या दिवशी त्याही नव्हत्या.

डोंगर अजून फुललेलाच होता.

सगुणा संस्थेत रजा टाकून वस्तीत आली. तिनं कोंबडीची पिसं गोळा केली आणि बायकांना शिकवलं. या झाडाच्या फुलात पीस फिरवायचं, पलीकडच्या झाडाच्या फुलात टेकवायचं. फूल एकदाच, पुन्हा नाही. वस्तीतली तीस माणसं रोज उजाडता डोंगरावर जात. पोरांच्या शाळा बुडाल्या. सासुरवाशिणी माहेरी आल्या त्याही पीस घेऊन बसल्या. सगळे मिळून बारा दिवस खपले. बाराव्या दिवशी सगुणानं वरच्या कड्यावर उभं राहून पाहिलं. एवढ्या मोठ्या जांभळ्या डोंगरावर त्यांचं काम एका खळ्याएवढं झालं होतं.

आबाही येत. हात थरथरायचे, पण त्यांचं पीस फुलाला कधी इजा करत नसे. एक दिवस दोघं शेजारी शेजारी बसली होती. तो प्रसंग झाल्यापासून ते त्याबद्दल काही बोलले नव्हते.

"तू फवारा म्हनलीस," आबा एकाएकी म्हणाले, "त्ये बराबर केलंस. मानूस मरत हुता."

सगुणाचं पीस थांबलं.

"म्या बी त्येच म्हनलो असतो." त्यांनी पुढचं फूल धरलं. "पर रोज ऐकू येतंय मला. काय करू? तुजा आवाज हाय म्हनून जास्तच ऐकू येतंय."

"आबा, मी पानं आधी तपासायला हवी होती."

"व्हय," आबा म्हणाले. "तपासाया पायजे हुती."

त्यांनी तिची समजूत घातली नाही. ती घालतील असं तिला वाटत होतं, लहानपणी काही फोडलं-सांडलं की घालत तशी. ते पुढच्या झाडाकडे सरकले आणि तिथं बसले. त्यानंतर ते तिच्याशी कामाचं सगळं बोलत. जेवलीस का, ऊन लागेल, पदर घे. दुसरं काही बोलत नसत.

*

उन्हाळ्यात कारवी ठरल्याप्रमाणे वाळली. सगुणा पोतं घेऊन डोंगरभर फिरली. बोंडं होती, पण चिमटीत धरली की चपटी व्हायची. आत काही नसायचं. फक्त त्या खळ्याएवढ्या तुकड्यात बी भरलं होतं. वस्तीला मात्र त्या वर्षी घराच्या कुडांसाठी कारवीच्या काठ्या मनासारख्या मिळाल्या. माणसं भारेच्या भारे उतरवून आणत होती, आणि पुढल्या खेपेला काय, हे कुणी कुणाला विचारत नव्हतं.

तिनं संस्थेला सविस्तर अहवाल पाठवला. 'नभांगण'च्या मालकांनी आपल्या झाडांची कलमं आणखी दोन पठारांवरच्या हॉटेलांना दिली होती. ती झाडं कापू नका, जाळूही नका, जागेवरच पिशव्यांत बांधून उपटा आणि हवाबंद टाक्यांत कुजवा, असं तिनं लिहिलं. संस्थेच्या वकिलांचं उत्तर आलं. आपल्याच मूळ अहवालानुसार वासाचा प्रभाव दोनशे मीटरपर्यंत असल्याने सदर मागणी शास्त्रीयदृष्ट्या ग्राह्य धरता येत नाही. खाली तिच्याच सहीची प्रत जोडलेली होती. तिनं राजीनामा दिला. पावसाच्या तोंडावर त्यातल्या एका हॉटेलची जाहिरात तिच्या फोनवर आली. देशातली सर्वात गजबजलेली बाग, असं तिच्यात म्हटलं होतं. फोटोत एका लहान मुलीच्या तळहातावर मधमाशी बसली होती आणि मुलगी हसत होती.

गौतमीबाईंनी नोकरी सोडली होती. जाताना त्यांनी सगुणाला एक चिठ्ठी पाठवली, 'मी विचारलं नसतं तर तुम्हाला बोलावं लागलं नसतं. मी विचारायला नको होतं.' सगुणानं उत्तर लिहायला घेतलं आणि दोन ओळींवर थांबली.

त्या पावसाळ्यात डोंगरानं माती सोडली. कारवीची मुळं तो उतार धरून ठेवत. जुनी मेली होती आणि नवी उगवली नव्हती. आधी पायवाटा वाहून गेल्या, मग बांध. आषाढात एका पहाटे वस्तीच्या वरच्या अंगाची दोन घरं अंगणासकट खाली सरकली. माणसं गोठ्यात होती म्हणून वाचली. सरकारी माणसं आली, त्यांनी उतारावर लाल निशाणं रोवली आणि सांगितलं की वस्ती हलवावी लागेल. साठ किलोमीटरवर, धरणाखालच्या माळावर, पत्र्याच्या खोल्या तयार होत्या.

पाऊस ओसरल्यावर टेंपो आला. भांडी, गोधड्या, बिरोबाचा टाक, दोन शेळ्या. मधाच्या रिकाम्या पेट्या आबांनी घेतल्या नाहीत. सगुणा जाणार नव्हती. पठारावर तिनं एक खोली भाड्यानं घेतली होती. रोज उतरून ती त्या खळ्याएवढ्या तुकड्याची राखण करत असे. त्याला तिनं काटेरी कुंपण घातलं होतं. आत वीतभर वीतभर कारवी उगवली होती.

निघण्याआधी आबा तिथं आले. कुंपणावरून त्यांनी रोपं न्याहाळली.

"बेस हायती," ते म्हणाले. "सा वर्सांनी फुलतील."

"हो."

"मंग? माशी कुटनं आनशील?"

सगुणानं दरीकडे पाहिलं. पलीकडच्या खोऱ्यांतून सातेरीच्या वसाहती आणून सोडायचा प्रयत्न तिनं दोनदा केला होता. मोकळ्या डोंगरावर खायला काही नव्हतं. दोन्ही वेळा माश्या चार दिवसांत उठून गेल्या होत्या. कुठे गेल्या ते तिला शोधता आलं नव्हतं.

"पीस घेऊन मीच बसेन," ती म्हणाली.

"येकटी?"

"एकटी."

"आन् त्येच्या पुडच्या सात वर्सांनी?"

खालून टेंपोवाल्यानं भोंगा वाजवला. आबा जायला वळले, मग पुन्हा थांबले. काहीतरी बोलतील असं तिला वाटलं. त्यांनी तिच्या पायांकडे बोट दाखवलं.

"उतारावर बसतीस तवा डावा पाय खाली ठिवत जा. तू उजवा ठिवतीस. गुडगा जातो त्येनं. लई वर्सं बसायचंय तुला."

"बरं, आबा."

ते काठी टेकत उतरून गेले. टेंपोच्या हौद्यात शेळ्यांशेजारी त्यांना बसवलेलं तिला वरून दिसलं. त्यांनी मागं वळून पाहिलं की नाही ते एवढ्या लांबून कळलं नाही. गाडी वळणाआड गेल्यावर ती कुंपणाच्या आत शिरली. रोपांमध्ये तण बोटभर वाढलं होतं. तिनं डावा पाय खाली ठेवला, बसली आणि उपटायला सुरुवात केली.